मोठ्या आजारातून उठताना डिस्लेक्सियाचं काम कसं सुरू ठेवायचं: टप्प्याटप्प्याने

डिस्लेक्सियाच्या, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखनात अडणाऱ्या मुलांसाठी धडपडणारी आपल्यातली बहुतेक माणसं पगारी नसतात. स्वतःचं मूल वाचताना अडलं, त्याच्यासाठी शाळेचे आणि सरकारी दवाखान्याचे उंबरे झिजवले, मग शेजारची आई विचारायला आली, तिच्यामागून तिसरी आली. काम असं वाढत जातं, त्यामुळे ते सगळं एकाच माणसाच्या डोक्यात आणि फोनमध्ये असतं. तो माणूस आजारी पडला की दहा-वीस घरांचं काम ठप्प होतं.

अशा वेळी दोन चुका मी पुन्हा पुन्हा पाहते. पहिली, आजार कळल्याबरोबर ग्रुपवर "थोडे दिवस नाहीये, येतेच परत" एवढं टाकून गप्प होणं. दुसरी, शेवटचा उपचार झाला की पुढच्या सोमवारी पूर्वीसारखं सकाळी नऊला घराबाहेर पडणं आणि गुरुवारी पुन्हा अंथरूण धरणं. दोन्हींत नुकसान मुलांचं होतं.

पहिली चूक मी स्वतः केली. ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी घर आवरलं, डबे भरले, दूधवाल्याचा हिशोब मिटवला. निळ्या प्लास्टिकच्या फोल्डरचं मात्र लक्षात आलं नाही. त्यात दहावीतल्या एका मुलाचा मूळ मूल्यांकन अहवाल होता, झेरॉक्स काढायला म्हणून आणलेला. तो कपाटात साड्यांखाली राहिला. "ताई आजारी आहेत, कसं विचारायचं," म्हणून त्याच्या आईने तीन आठवडे मला फोन केला नाही. परीक्षेतल्या सवलतीचा प्रस्ताव बोर्डाकडे उशिरा गेला आणि पहिल्या दोन पेपरांना मुलाला जादा वेळ मिळाला नाही. मराठीच्या पेपरात शेवटचे दोन प्रश्न कोरे राहिले. उत्तरं त्याला येत होती.

म्हणून हा क्रम लिहून काढला आहे. माझे उपचार स्तनाच्या कर्करोगाचे होते, त्यामुळे उदाहरणं ऑपरेशन आणि केमोथेरपीची (केमोची) आहेत. हृदयाचं ऑपरेशन किंवा पक्षाघात यांतून उठणाऱ्यांच्या मर्यादा वेगळ्या असतील, पण कामाचा क्रम हाच ठेवा. तो उलटा करू नका: आधी मुलांचे कागद, मग माणसं, मग डॉक्टर, आणि सगळ्यात शेवटी तुमचं परतणं.

## १. मूळ कागद ज्याचे त्याला परत करा

हे पहिल्याच दिवशी करायचं. दवाखान्यात भरती व्हायला दोन दिवस असतील तर त्या दोन दिवसांत, आणि भरती होऊन गेली असाल तर घरातल्या कुणाला तरी सांगून आजच.

तुमच्याकडे कुणाकुणाचं काय आहे ते आठवून चालत नाही. कपाट, प्रवासाची पिशवी, गाडीची डिकी, झेरॉक्सच्या दुकानातलं पाकीट, सगळं प्रत्यक्ष उघडून पाहा. डिस्लेक्सियाच्या कामात चार मूळ कागद हमखास सापडतात: सरकारी तपासणी केंद्राने दिलेलं डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र, शैक्षणिक मूल्यांकनाचा अहवाल, बुद्ध्यांक चाचणीचा अहवाल, आणि शाळेने दिलेलं निरीक्षणाचं पत्र. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, असेल तर तेही. प्रत्येक कागद पालकांच्या हातात द्या आणि "मिळालं" असा मेसेज त्यांच्याकडून घ्या.

फोनमधले फोटो विसरू नका. मुलांचे अहवाल आणि आधार कार्डं तुमच्या गॅलरीत लग्नाच्या फोटोंमध्ये मिसळलेली असतात. आजारपणात तुमचा फोन नवऱ्याच्या, भाचीच्या, कधी शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकाच्याही हातात जातो. कुणाच्या मुलाचा बुद्ध्यांक किती आला हे त्या सगळ्यांनी पाहायचं कारण नाही. ते फोटो पालकांना पाठवा आणि स्वतःकडून काढून टाका.

तपासा: घरात कुणाचाही एकही मूळ कागद उरलेला नाही, हे तुमच्याशिवाय आणखी एका माणसाने पाहिलं आहे का? "मी बघितलंय" एवढ्यावर थांबू नका. मीही बघितलं होतं.

## २. एका मुलाचं एक पान

आता डोक्यातलं कागदावर. या टप्प्यावर माणसं सगळ्यात जास्त घाई करतात. "सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर आहे" म्हणतात आणि पुढच्या माणसाला चारशे मेसेज उपसायला लावतात.

प्रत्येक मुलाला एकच पान द्या. त्यावर एवढंच:

- मुलाचं नाव, इयत्ता, माध्यम, बोर्ड, जन्मतारीख
- पालकांपैकी कुणाशी बोलायचं, किती वाजता, फोनवर की व्हॉइस मेसेजवर
- आत्ता काम कुठे अडलं आहे, एका वाक्यात
- पुढची तारीख कोणती आणि त्या दिवशी कुणी काय करायचं
- काय बोलू नये

शेवटच्या ओळीकडे दुर्लक्ष होतं, पण ती फार कामाची असते. एका पानावर मी लिहिलं होतं: "वडिलांना निदान मान्य नाही. त्यांच्यासमोर 'अपंगत्व' शब्द नको, परीक्षेतल्या सवलतीपासून सुरुवात करावी." दुसऱ्यावर: "आई स्वतः वाचताना अडते, लांब मेसेज पाठवू नका." डिस्लेक्सिया बऱ्याचदा घराण्यात चालत येतो. मुलासाठी आलेल्या पालकांपैकी काही जण स्वतः तसेच असतात आणि ते तुम्हाला कधी सांगत नाहीत. तुम्हाला ते सवयीने माहीत असतं, पुढच्या माणसाला नसतं.

"आत्ता काम कुठे अडलं" हे वाक्य नेमकं हवं. "प्रमाणपत्राचं चालू आहे" हे वाक्य उपयोगाचं नाही. "डोळे-कान तपासून झाले, बुद्ध्यांक चाचणी झाली, शैक्षणिक मूल्यांकनाची तारीख मिळालेली नाही, केंद्राने मंगळवारी फोन करायला सांगितलं आहे" हे उपयोगाचं.

सावध: पान दुसऱ्याला देण्याआधी पालकांना विचारा. "तुमच्या मुलाची माहिती अमुक ताईंना देऊ का?" एवढा एक प्रश्न. नाही म्हणाले तर पान त्यांनाच द्या, पुढचं ते बघतील.

## ३. तारखा उलट्या मोजा

तुमचा ताप परीक्षेची तारीख बदलत नाही. म्हणून यादी तुमच्या तब्येतीच्या अंदाजाने नाही, मुलाच्या तारखेपासून मागे मोजत करायची.

राज्य मंडळाच्या दहावीतलं मूल घेऊ. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. अर्ज शाळेत भरले जातात ते साधारण दिवाळीच्या आगेमागे, आणि सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. म्हणजे प्रमाणपत्र गणपतीपर्यंत हातात असलेलं बरं. सरकारी केंद्रात नंबर लागायला काही महिने जाऊ शकतात आणि काम एका फेरीत होत नाही. आधी दृष्टी आणि श्रवण तपासणी, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताचं मूल्यांकन, मग सह्या. मुंबईत सायन, केईएम किंवा नायर रुग्णालयात गेलेल्या कुठल्याही पालकांना विचारा, फेऱ्यांचा हिशोब ते सांगतील. म्हणून दहावीच्या मुलाचं काम मी नववीच्या जूनमध्येच उघडते.

इथे तीन गोष्टी लोक हमखास चुकवतात आणि बदली माणसाला त्या आधीच सांगून ठेवायला हव्यात.

पहिली, खाजगी मानसशास्त्रज्ञाचा अहवाल म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. शिकवण्याची दिशा ठरवायला तो उत्तम, पण बोर्डाला मान्यताप्राप्त केंद्राचं प्रमाणपत्र लागतं. पालक हजारो रुपये भरून निश्चिंत होतात आणि ऑक्टोबरमध्ये शाळा तो अहवाल परत करते. कोणत्या केंद्राचं चालेल हे शाळेकडून लिहून घ्यायचं.

दुसरी, प्रमाणपत्राला वय असतं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार (त्या २०२४ मध्ये सुधारल्या, म्हणून आताचा नियम तपासणी केंद्रात विचारून घ्या) विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे डिस्लेक्सिया ज्यात मोडतो त्या अडचणींचं, प्रमाणपत्र आठ वर्षांनंतर मिळतं, चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी होते आणि अठराव्या वर्षी आणखी एकदा. अठराव्या वर्षाचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. म्हणजे तिसरीत काढलेलं प्रमाणपत्र घेऊन बसलेल्या मुलाची फेरतपासणी नेमकी आठवी-नववीत येते, दहावीच्या तोंडावर. प्रत्येक पानावर जन्मतारीख लिहा म्हटलं ते यासाठी.

तिसरी, लेखनिक, म्हणजे परीक्षेत मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून देणारा. केंद्र सरकारच्या ऑगस्ट २०१८ च्या सूचनांत लेखनिकाची सोय होती आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळेची तरतूद होती; आताचा नियम शाळेकडून विचारून घ्या. पण लेखनिक मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. तोंडी सांगून उत्तर लिहून घेणं हे वेगळं कसब आहे. स्वल्पविराम कुठे, नवीन परिच्छेद कुठे, गणितात पायरी कशी सांगायची, याचा सराव किमान चार-पाच वेळा त्याच लेखनिकासोबत व्हायला हवा. शिवाय नियमाने लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणजे त्याचीही शाळा आणि परीक्षा असते. एक जास्तीचा लेखनिक शोधून ठेवा. हे काम घरबसल्या फोनवर होतं, त्यामुळे तुमच्या आजारपणात तुम्हीच करू शकाल अशा मोजक्या कामांपैकी ते आहे.

तपासा: पुढच्या सहा महिन्यांत ज्यांची तारीख येते अशी मुलं वेगळी काढा. सहसा ती चार-पाचच निघतात. बाकीच्यांना वाट पाहता येते, आणि हे त्यांना स्पष्ट सांगितलं तर ते पाहतातही.

## ४. बदली माणसं दोन हवीत

एकाच माणसाकडे सगळं सोपवलं तर तुमची अडचण त्याच्या गळ्यात पडते, एवढंच. दोघं निवडा आणि स्वभावाप्रमाणे काम वाटा. एकाकडे तारखा आणि कागद. दुसऱ्याकडे पालकांशी बोलणं. ही दोन्ही कामं उत्तम करणारा माणूस क्वचित भेटतो. माझ्याकडे कागद सांभाळायला बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. ते पालकांशी दोन वाक्यांपलीकडे बोलत नाहीत, पण एकही तारीख चुकलेली नाही. बोलण्याचं काम पूर्वी माझ्याकडेच मुलाला घेऊन आलेली एक आई करते. ती त्या वाटेवरून गेलेली आहे, तिला शिकवावं लागलं नाही.

आजवर ज्यांना मदत केली त्या पालकांना विचारायला लाजू नका. "आता तुम्ही दोन मुलांचं बघाल का?" असं थेट विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात. "कुणी मदत करेल का" असं ग्रुपवर टाकलं की हात जोडलेली चित्रं येतात, माणूस येत नाही.

बदली माणसाची शाळेत आणि केंद्रात एकदा तरी फोनवरून ओळख करून द्या. पाच मिनिटांचा कॉल पुरतो. "यापुढे माझ्याऐवजी हे येतील" हे मुख्याध्यापकांनी तुमच्या तोंडून ऐकलं की पुढच्या खेपेला दारातून परत पाठवत नाहीत.

## ५. निरोप: परतीची तारीख देऊ नका

आजारात आपण दुसऱ्याला धीर द्यायला म्हणून तारीख देतो. "संक्रांतीनंतर येते." संक्रांत येते आणि रक्ताचे रिपोर्ट खाली असतात. मग पालक तुमच्यासाठी थांबून राहतात आणि तुम्ही अपराधी वाटून लपून राहता.

मी पाठवलेला निरोप असा होता. हवा तर उचला:

"माझ्यावर मोठ्या आजाराचे उपचार चालू आहेत. परतीची तारीख आत्ता सांगता येत नाही. तुमच्या मुलाचं काम थांबणार नाही. कागद आणि तारखांसाठी काकांना, बोलायचं असेल तर ताईंना फोन करा, दोघांनाही सगळं माहीत आहे. मला फोन न करता मेसेज ठेवा, जमेल तेव्हा ऐकेन. तब्येतीची चौकशी करून मगच कामाचं बोलायला हवं असं अजिबात मनात आणू नका."

शेवटचं वाक्य गाळू नका. निळ्या फोल्डरवाली ती आई तीन आठवडे गप्प राहिली ती याच संकोचाने. आणि हाच निरोप स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करूनही पाठवा. काही पालक स्वतः वाचताना अडतात, हे वर सांगितलंच आहे.

आजाराचं नाव सांगायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पण बदली माणसांना खरं सांगा. त्यांना अंदाज नसला तर ते महिनाभर तुमची वाट पाहत कामं साठवत राहतील.

## ६. डॉक्टरांना नेमकं विचारा

"काम सुरू करू का?" या प्रश्नाला डॉक्टर "हो, झेपेल तेवढं करा" म्हणतील. त्यांच्या डोळ्यांसमोर ऑफिसातलं टेबल असतं. तुमचं काम त्यांना दाखवा: "कल्याणहून लोकलने सायनला जायचं, ओपीडीत तीन तास बसायचं." किंवा "बंद वर्गात चाळीस मुलं आणि दोन तास बोलणं." असं सांगितलं की उत्तर बदलतं. माझ्या डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ओपीडीत कुणी दुसरं नाही जाऊ शकणार?"

लिहून न्यायचे प्रश्न:

- माझ्या उपचारात पांढऱ्या पेशी कधी खाली जातात? अनेक केमोंमध्ये हा काळ साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाचा असतो, पण तुमच्या औषधाचा तुम्हीच विचारा. त्या दिवसांत शाळा नाही, दवाखाना नाही, सभा नाही.
- किती ताप आला की लगेच फोन करायचा? केमोच्या रुग्णांना सहसा ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, ही रेघ सांगितलेली असते. नंबर रात्रीचाही घेऊन ठेवा.
- वजन किती उचलायचं, कोणत्या हाताने? काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या खांद्यावर फायलींची पिशवी लटकवायची नाही.
- सलग किती वेळ बोललेलं चालेल? हृदय-फुफ्फुसाच्या आजारात हा प्रश्न पहिला विचारा.

सावध: कार्यक्रम ठरला आहे म्हणून क्रोसिन घेऊन ताप दाबायचा आणि स्टेजवर जायचं, असं करू नका. केमोच्या काळात ताप हीच धोक्याची पहिली आणि कधी कधी एकमेव खूण असते. ती गोळीने झाकली तर जंतुसंसर्ग कळायला उशीर होतो, आणि हा उशीर जिवावर बेतू शकतो. ताप आला की आधी दवाखान्यात फोन, कार्यक्रम रद्द.

## ७. तीन आठवडे थकव्याची वही

परतण्याआधी हे करायचं. साधी दोनशेपानी वही, रोज तीन ओळी: काय केलं, किती वेळ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कसं वाटलं. तिसरी ओळ दुसऱ्या दिवशीच लिहायची. मोठ्या आजारानंतरचा थकवा बऱ्याचदा उधारीवर येतो. काम मंगळवारी, वसुली बुधवारी किंवा गुरुवारी. त्याच संध्याकाळी लिहिलं तर "छान झालं, काही त्रास नाही" असंच लिहाल.

माझ्या वहीतली एक नोंद: "पालकांचा एक फोन, ४० मिनिटं, आई रडत होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठता आलं नाही." तिच्या खाली: "तीन अर्ज तपासले, दीड तास. दुसऱ्या दिवशी ठीक." मला वाटत होतं फोन म्हणजे हलकं काम, पलंगावर पडून करता येतं. वहीने उलटं दाखवलं. म्हणून परतताना मी कागदापासून सुरुवात केली, फोन नंतर घेतले. तुमचं वेगळं निघेल, पण ते लिहिल्याशिवाय कळणार नाही.

केमोवाल्यांसाठी एक खास गोष्ट. औषधांसोबत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड देतात. त्या एक-दोन दिवसांत झोप उडते, अंगात बळ आल्यासारखं वाटतं, डोकं झपाझप चालतं. दुसऱ्या केमोनंतरच्या रात्री दोन वाजता मी तीन शाळांना कार्यशाळेचे होकार पाठवले. चौथ्या दिवशी मला आंघोळीला स्टूल लागलं. ते बळ औषधाचं असतं. त्या दिवसांत कुणालाही शब्द देऊ नका; लिहून ठेवा आणि आठवड्याने वाचा.

तपासा: तीन आठवड्यांच्या नोंदींत ओळीने पाच दिवस "दुसऱ्या दिवशी ठीक" असं आलं आहे का? नसेल तर अजून एक आठवडा वही चालू द्या.

## ८. परतीच्या पायऱ्या

प्रत्येक पायरीला किमान दोन आठवडे. खाली उतरावं लागलं तर उतरा. पायरी राहते तिथेच.

पहिली पायरी. आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला एक तास, ठरलेल्या वेळी. फक्त कागद: अर्ज वाचणं, पानं अद्ययावत करणं, काकांना सूचना. तास संपला की फोन दुसऱ्या खोलीत.

दुसरी पायरी. त्यात पालकांचे फोन. आठवड्याला दोन, प्रत्येकी वीस मिनिटं, आणि ही वेळ सुरुवातीलाच सांगायची: "माझ्याकडे वीस मिनिटं आहेत, सगळ्यात अडचणीची गोष्ट आधी सांगा." हे तुटक वाटेल अशी मला भीती होती. उलट पालक मुद्द्यावर लवकर येतात आणि त्यांनाही बरं वाटतं.

तिसरी पायरी. एक शाळा, एक भेट, सोबत कुणीतरी. आधी मुख्याध्यापकांना फोन करून चार गोष्टी ठरवा: तळमजल्यावरची खोली, खुर्ची, माईक, आणि अर्धा तासच. खिडक्या उघड्या हव्यात. सोबतच्या माणसाला तुमचा सगळा विषय माहीत हवा, म्हणजे मध्येच बसावं लागलं तर तो पुढचं बोलेल. शिक्षकांसमोर सगळं सांगायची हौस आवरा. अर्ध्या तासात एकच गोष्ट पोहोचवा, उदाहरणार्थ, फळ्यावरून उतरवून घेताना मागे पडणाऱ्या मुलाला छापील टिपणं द्या. शिक्षकांनी ती उद्यापासून केली तर तुमची भेट सार्थकी लागली.

चौथी पायरी. सरकारी केंद्रात पालकांसोबत जाणं, मोठ्या कार्यशाळा, अधिकाऱ्यांच्या बैठका. इथे घाई नको. ओपीडीची गर्दी, खोकणारी माणसं, लोकलचा प्रवास आणि अनिश्चित वेळ, सगळं एकाच फेरीत येतं. मी इथवर यायला शेवटच्या उपचारानंतर आठ महिने घेतले. मधल्या काळात माझ्याऐवजी ताई गेल्या आणि एकाही मुलाचं प्रमाणपत्र अडलं नाही.

थांबण्याच्या खुणा: ताप, जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त धाप, हाताला सूज, ओळीने दोन रात्री झोप नसणं, आणि एखाद्या पालकांवर विनाकारण आवाज चढणं. शेवटची खूण मी तब्येतीचीच धरते. ती दिसली की त्या आठवड्यात फोन बंद. तुमच्या स्कॅनच्या किंवा तपासणीच्या आठवड्यातही कुणाला वेळ देऊ नका. रिपोर्ट हातात येईपर्यंत मन दुसरीकडे लागतच नाही.

## ९. डोकं अडतं तेव्हा

शब्द आठवत नाहीत, ओळ वाचून झाल्यावर काय वाचलं ते उरत नाही, तारखा उलटसुलट होतात. केमोनंतर अनेकांना हे होतं आणि काही महिने, कधी त्याहून जास्त टिकतं. मोठ्या भूलीनंतर, आयसीयूनंतरही होऊ शकतं. आपल्या कामात याचा धोका मोठा, कारण अर्जात जन्मतारखेचा एक आकडा चुकला तरी प्रस्ताव परत येतो.

एका संध्याकाळी बोर्डाचं परिपत्रक मी चौथ्यांदा वाचत होते आणि तिसऱ्या ओळीवरच घसरत होते. माझा मुलगा शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "आई, खाली पट्टी धर. एकेक ओळ बघ." मीच त्याला दुसरीत हे शिकवलं होतं. त्या दिवसापासून मुलांसाठी मागतो त्या सगळ्या सवलती मी स्वतःला दिल्या. अक्षर मोठं करून छापून घेते. लांब मजकूर फोनला मोठ्याने वाचायला लावते आणि सोबत डोळ्यांनी बघते. उत्तर तोंडी सांगून ताईंकडून लिहून घेते. ज्याला एक तास लागायचा त्याला दीड तास धरते. यात कमीपणा नाही, आपण शाळांना हेच तर सांगत आलो.

अर्ज आणि पत्रांसाठी तीन नियम पाळा: आकडे दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचायचे आणि तुम्ही मूळ कागदावर बोट ठेवून ऐकायचं; लिहिलं त्याच दिवशी सही घ्यायची नाही; आणि ठरावीक पत्रांचे नमुने आधीच तयार ठेवायचे. मुख्याध्यापकांना द्यायच्या पत्राचा गाभा असा ठेवता येईल:

"माझ्या पाल्याला विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं आहे, प्रत सोबत जोडली आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. त्यानुसार बोर्डाकडे सवलतीचा प्रस्ताव पाठवावा आणि पाठवल्याची पोच मला द्यावी, ही विनंती."

सही पालकांची, तुमची नाही. तुम्ही आजारी असा वा नसा, शाळेशी पत्रव्यवहार पालकांच्या नावाने असला की तो तुमच्यावाचून पुढे चालतो. पोच मागायला विसरू नका. आवक क्रमांक आणि तारीख असलेला शिक्का मारलेली दुसरी प्रत पालकांकडे हवी.

## १०. ऑक्टोबरची आमंत्रणं

ऑक्टोबर हा डिस्लेक्सिया जागृतीचा महिना, त्यामुळे सप्टेंबरपासून फोन सुरू होतात. त्यातच बोर्डाच्या अर्जांचे दिवस तोंडावर आलेले असतात. आजारातून उठल्यावरच्या पहिल्या ऑक्टोबरला दोनच कार्यक्रम घ्या, त्यातला एक ऑनलाइन, आणि दोन्हींत किमान दहा दिवसांचं अंतर. बाकीच्यांना नकार देताना बदली वक्त्याचं नाव द्या. भाषण तुमच्याऐवजी दुसरं कुणी करू शकतं. आणि त्या महिन्यात दहावीच्या मुलांच्या पानांवरून एकदा नजर फिरवायला तुमच्या अंगात ताकद उरली पाहिजे.

बाहेर पडायच्या दिवशीची माझी पिशवी दाराशीच टांगलेली असते: थर्मामीटर, मास्क, पाण्याची बाटली, खायला दोन चिक्क्या, डॉक्टरांचा नंबर लिहिलेला कागद, वही, आणि त्या दिवशीच्या मुलाच्या पानाची झेरॉक्स. मूळ कागद पालकांच्या पिशवीत.